रेणुकाला वर्गसोबती मिळणेबाबत

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, जि. बुलढाणा.

विषय : इयत्ता दुसरीच्या विद्यार्थिनीचे समायोजन मुले असलेल्या शाळेत करणेबाबत.
संदर्भ : कमी पटाच्या शाळांबाबत आपले गेल्या आठवड्यातील पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की, धाडजवळील टेकाडी वस्तीची आमची शाळा बंद होण्यास माझी हरकत नाही. पटावर आता कु. रेणुका ही एकच विद्यार्थिनी आहे. परंतु तिला ज्या शाळेत पाठवायचे ठरले आहे, तेथेही दुसरीत कोणी नाही.

दिवाळीपूर्वी वर्गात तीन मुले होती. जलचक्र शिकवताना आम्ही व्हरांड्याची भिंत रंगवायला घेतली. मलिहाने विहीर व तिच्यातून निघणारी वाफ काढली. रेणुकाने डिंकाने कापूस चिकटवून ढग केला. पाऊस हर्षलकडे होता. सुटीनंतर मलिहाचे कुटुंब खामगावला गेले आणि हर्षलला धाडच्या इंग्रजी शाळेत घातले. पाऊस राहिला.

हर्षलच्या आई छायाताई यांना मी एका शनिवारपुरते त्याला पाठवण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "मॅडम, आता कुठं तो तिकडं रमून राह्यला. त्याचं मन पुन्हा इकडं नका ओढू." म्हणणे रास्त असल्याने मी आग्रह धरला नाही.

रेणुकास पाऊस काढण्यास सांगितले असता तिने नकार दिला. तो हर्षलचा आहे, असे तिचे म्हणणे. ढगाखालच्या कोऱ्या भिंतीला पाठ टेकून ती कित्येक दिवस एकटीच खिचडी खात असे. अखेर काल ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच व्हा ना हर्षल."

सबब मी हर्षलच्या जागी पोत्यावर मांडी घालून बसले. हर्षल असा बसत नाही, गुडघे टेकतो, हे तिने निदर्शनास आणून दिले. मी गुडघे टेकले व निळीचा पाऊस विहिरीपर्यंत आणला. हर्षल काम करताना बडबड करायचा, म्हणून तीही केली.

काम पूर्ण झाल्यावर आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग रेणुकाने विचारले, "आता कोणाले दाखवू?"

त्यासाठीच हा अर्ज. तरी तिला धाडच्या जिल्हा परिषद शाळेत, दुसरीच्या भरल्या वर्गात प्रवेश द्यावा व तिच्या जाण्यायेण्याची सोय व्हावी. माझी बदली कुठेही केल्यास चालेल.

निर्णयाची वाट पाहणारी,
प्रतिमा भालचंद्र खेडकर
शिक्षिका, टेकाडी वस्ती
दि. १७/०१/२०२५

सोबत : भिंतीवरील चित्राचे छायाचित्र (रेणुकाच्या आग्रहावरून).