हापशाचा वायसर परत न काढण्याबाबत

प्रति,
मा. जिल्हा समाजविकास अधिकारी,
मकुंडी जिल्हा, मलावी.

अर्जदार : एनेलेसी चिमवाझा, अध्यक्षा, महिला पाणी समिती, मौजे कासोंगा.

विषय : गावाचा दुरुस्त झालेला हापसा पाहुण्यांसाठी पुन्हा बंद पाडून ठेवण्यास नकार.
संदर्भ : आपले दि. २७ जूनचे पत्र.

महोदय,

उपरोक्त पत्र मिळाले. समितीच्या सभेत ते दोनदा वाचून दाखवावे लागले, कारण पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही.

१. आमचा हापसा मे महिन्यात बंद पडला. आतला रबरी वायसर फाटला होता. आपल्या कार्यालयाने कळवले, की दरवर्षी येणारे परदेशी स्वयंसेवक १९ जुलैला येत असून त्यांच्या कार्यक्रमात 'हापसा दुरुस्ती' आहे, तोवर गावाने हात लावू नये. आम्ही हात लावला. समितीची डोरिका सायकलवर बाजारात जाऊन नवा वायसर घेऊन आली, सकाळी पाच बायकांनी दांडे वर ओढले आणि दुपारच्या स्वयंपाकाला पाणी होते. याबद्दल शाबासकी मिळेल, अशी आमची वेडी आशा होती.

२. त्याऐवजी आपण लिहिता, की वायसर काढून ठेवावा, पाहुणे येईपर्यंत हापसा 'मूळ स्थितीत' असावा आणि स्वागताचा नाच नेहमीप्रमाणे व्हावा. आपले लिपिक श्री. चिकाफा काल समक्ष येऊन म्हणाले, "अहो मावशी, सोळा दिवसांचाच तर प्रश्न आहे. माणसं एवढ्या लांबून येणार, त्यांना करायला काहीतरी नको का?" त्यावर आमच्या सदस्य फनेसी म्हणाल्या, "मग माझी भांडी घासायला सांगा की. ढीग पडलाय." हे श्री. चिकाफा यांनी टिपून घेतले नाही, म्हणून येथे नोंदवत आहे.

३. गेल्या वर्षीही हापसा असाच बंद पडला, तेव्हा आम्ही आपले ऐकले होते. सात आठवडे नदीच्या वाळूत खड्डे खणून पाणी भरले. फनेसीची सहा वर्षांची त्साला कॉलऱ्याने नऊ दिवस दवाखान्यात पडून होती. पोर वाचली. पण अजूनही पाण्याचा पेला पुढे केला, की ती आधी आईच्या तोंडाकडे बघते. नंतर पाहुणे आले, हापसा सुरू झाला, फोटो निघाले. त्यात सगळ्यांत पुढे मी नाचते आहे. त्या फोटोची मला लाज वाटते, महोदय.

४. पाहुण्यांशी आमचे काही वाकडे नाही. हेल्गाबाई यंदा सातव्यांदा येत आहेत. वायसर कसा बसवायचा, हे चार वर्षांपूर्वी चिखलात बसून त्यांनीच डोरिकाला शिकवले. इतक्या चुका काढत होत्या, की डोरिका त्यांना अजून "सासूबाई" म्हणते. आता शिकवलेले आम्हाला येते, हेच त्यांच्यापासून लपवायचे? मग म्हातारीने एवढ्या खेपा घातल्या कशासाठी? त्यांनी जरूर यावे, आमच्यात बसून मक्याची न्सिमा खावी. काम हवे असेल, तर भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या पडल्या आहेत. आम्ही नाचूही, पण चालू हापशाभोवती.

५. आदेश न पाळल्यास पुढच्या वर्षीच्या यादीतून गाव वगळू, असे आपण कळवले आहे. खुशाल वगळावे. हेल्गाबाईंना वाट माहीत आहे, त्या यादी बघून येत नाहीत.

६. सबब, वायसर आम्ही काढणार नाही. कार्यालयाला तो हवाच असेल, तर माणूस पाठवावा. आम्ही कोणी अडवणार नाही. तो आला, की आमच्या रीतीप्रमाणे त्साला त्याच्यापुढे गुडघे टेकून, दोन्ही हातांनी त्याला त्याच हापशाचे पाणी देईल. ते पिऊन झाल्यावर त्याचा हात धजला, तर त्याने वायसर काढून न्यावा. पाना आम्ही देऊ.

आपली (नम्रपणा वर पुरेसा झाला आहे),
एनेलेसी चिमवाझा
आणि समितीच्या एकतीस बायकांचे अंगठे
कासोंगा, दि. ४ जुलै

सोबत :
१) फाटलेला जुना वायसर, एक नग.
२) आपले २७ जूनचे पत्र, मूळ स्थितीत परत.