तुझ्या हातच्या नूडल्स, माझ्या हातून

प्रिय ताई,

काल तुझ्या मिनीनं वाटीभर नूडल्स खाल्ल्या. पोर जेवली, तर मावशीनं खरं म्हणजे देवापुढे साखर ठेवायची! पण मी घाबरले आहे गं. तुला नाही तर कोणाला सांगू?

तू गेल्यापासून मिनी आपल्याकडेच आहे. वरणभात पुढे ठेवला की तोंड फिरवते. बरगड्या दिसायला लागल्या होत्या तिच्या. म्हणून मी नूडल्सचं पाकीट आणलं आणि त्यावर लिहिलं होतं तसं करून दिलं. एक घास घेऊन म्हणाली, "हे आईवालं नाही."

आठवतं, टीव्हीवरची जाहिरात पाहून भाऊजींनी पहिलं पाकीट आणलं होतं? आपल्या आईनं शेवया समजून उकळल्या, पाणी फेकलं आणि वर दूध-साखर घातली! मसाल्याची पुडी वांग्याच्या भाजीसाठी राखून ठेवली. "अवं आई, हे गोड नसते वं!" म्हणत तू हसून हसून खालीच बसलीस. मग दुसरं पाकीट फोडलंस आणि मला शेजारी उभं केलंस.

कांदा आधी तेलात लाल करायचा. मूठभर मटार, अर्धा टमाटर. मसाला अर्धा कांद्यावर आणि अर्धा पाण्यात. नूडल्स मोडायच्या नाहीत, लेकराला लांब दोरे ओढायला आवडतात. थोडा शेंगदाण्याचा कूट, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू, सांबाराची हिरवी पानं चिरून, चमचाभर तूप. सगळं शिकवलंस. कशाला शिकवलंस ताई? भाऊजींना का नाही शिकवलंस?

काल मी तसंच्या तसं केलं. मिनीनं वाटी चाटून पुसून साफ केली. मागे वळून पाहते तर दारात आई, डोळ्यांना पदर लावून. म्हणाली, "पोरीनं तुलेच आई मानली वं. आता काहून मागं पाहतं?"

संध्याकाळपर्यंत गांधीबागेच्या बाजारात भाऊजींच्या दुकानावर निरोप गेलासुद्धा. उद्या ते त्यांच्या आईला घेऊन येणार आहेत, माझ्या लग्नाची बोलणी करायला. मला कोणी विचारलंच नाही! माझं बी.एड. अर्धं राहिलं आहे, याची कोणाला आठवणही नाही.

भाऊजी वाईट नाहीत. पण तुझ्या लग्नात मी त्यांचे जोडे लपवले होते गं! त्या माणसाचं कुंकू मी कसं लावू?

आपल्यात हे नवं नाही, मला माहीत आहे. मोठी आत्या गेली आणि धाकट्या आत्याला तिच्याच घरी दिलं. ती जन्मभर बहिणीची लुगडी नेसली. नवरा चुकून मोठीच्या नावानं हाक मारायचा, आणि ती ओ द्यायची. ते ओ देणं माझ्या डोक्यातून जात नाही. उद्या मलाही कोणी तुझ्या नावानं हाक मारली तर?

आणि मी नाही म्हणाले तर? ते दुसरी कोणी आणतील. ती मिनीला दोन घास प्रेमानं देईल का? मला तिच्या दारात तरी उभं राहू देईल का? सकाळपासून माझ्या हातून दोन कप फुटले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमे, काहून एवढी भिऊन राहिली वं?" हो, भिऊन राहिले! तू अशी मध्येच उठून गेलीस, आणि वर मीच शूर व्हायचं?

तरी तुला एक वचन देते. उद्या सगळ्यांसमोर मी भाऊजींच्या हातात कढई देईन. कांदा तेच चिरतील, मटार तेच सोलतील, मिनीला तेच भरवतील. पहिल्यांदा करपेल, दुसऱ्यांदा गोळा होईल. आई रागानं पाहील, पण मी हात पुढे करणार नाही. शेजारी उभी राहून फक्त सांगत राहीन. पोर बापाच्या हातचं जेवायला लागेपर्यंत रोज तिला घेऊन त्यांच्या घरी जाईन.

तुझी धाकटी बहीण,
आणि मिनीची मावशीच,
सुमी