जुन्या विलायती प्लेट्स

३ जानेवारी
संकल्प. यंदा एकही प्लेट घ्यायची नाही. चौदा झाल्या, पुष्कळ झाल्या. आता फक्त अभ्यास.

५ जानेवारी, दुपारी
भंगारवाल्याकडे बंदराचं चित्र असलेली प्लेट. इंग्लंडची, शंभर-सव्वाशे वर्षांची. निळा, लाल, पिवळा, प्रत्येक रंग वेगळा छापलेला. घेतली. ही खरेदी नव्हे, बचावकार्य.

६ जानेवारी
हिने विचारलं, नावाड्याचे ओठ गालावर कसे? म्हटलं, कागदावरून छाप घेताना लाल रंग सरकला, तीच अस्सलपणाची खूण. ही म्हणाली, लहान मुलंसुद्धा रेषेच्या आत रंगवतात. हळूहळू गोडी लागतेय तिला.

१९ जानेवारी
स्वयंपाकघरातली फळी प्लेट्ससाठी रिकामी केली. डबे खाटेखाली. हिचे गुडघे दुखतात, मान्य. पण हालचाल ठेवा असं डॉक्टरच म्हणाले होते.

२ फेब्रुवारी
ही लेकीकडे गेली. आठ दिवस असावेत. विचारायचं राहिलं. अभ्यासाला एकांत बरा.

२० फेब्रुवारी
लेकीचा फोन. आईचे गुडघे बरे आहेत म्हणाली, इथे तिला वाकावं लागत नाही. मी सांगितलं, संग्रहालयाला पत्र टाकलंय, ते प्लेट्स घेणार, खाली आम्हा दोघांच्या नावाची पाटी लागणार. ती म्हणाली, बाबा, तुम्ही तिला एकदा तरी परत ये म्हणालात का? लाइन खराब होती. नीट ऐकू आलं नाही.

४ मार्च
संग्रहालयाच्या बाई येऊन गेल्या. सगळ्या प्लेट्स अस्सल! मग म्हणाल्या, अशांची खोकीच्या खोकी आमच्याकडे न उघडता पडलीत. लोक मेले की मुलं आणून देतात. कृपा करून तुम्ही आणू नका. चहाला थांबल्या नाहीत. अस्सल आहेत हे लेखी घ्यायला हवं होतं.

११ मार्च
हिला फोन केला. प्लेट्सचा विषय काढायचा नाही, परत ये म्हणायचं, असं ठरवून. दोन मिनिटं तब्येतीचं बोललो. मग कसं कोण जाणे, बंदराच्या प्लेटवर आलो. तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, जेवत जा वेळेवर.

२३ मार्च, सकाळी
जावई टेम्पो घेऊन आले. हिचं कपाट न्यायला. मी एक बाजू धरली. जिन्यात विचारलं, ही कधी येते म्हणाली? त्यांनी कपाटाची पकड बदलली. मग म्हणाले, बाबा, जरा डावीकडे घ्या.

संध्याकाळी
भिंत मोकळी झाली. मोजली. नऊ प्लेट्स आरामात बसतील. स्टुलावर चढून पाच लावल्या. सहावी सरळ दिसते का ते बघायला हिला हाक मारली.
उतरलो.