धूपछाव साडीचा रंग

आई, सकाळपासून चहा टाकतेय आणि तो ओट्यावरच निवतोय. मांजर्लीच्या आपल्या याच घरात, हॉलच्या भिंतीला टेकवून एक मोठं चित्र उभं केलंय. नुसत्या उभ्या रेघा. एक मोरपिशी, एक जांभळी, सुतासारख्या बारीक. लांबून पाहिलं की सगळं हलायला लागतं. शेजारच्या काकू डोकावल्या नि म्हणाल्या, "अगं बाई, गरगरतंय मला, चादर टाक त्याच्यावर!" असल्या चित्रांनी लोकांना गरगरवूनच तर पोट भरते मी. पण हे चित्र तुझ्या धूपछाव साडीसाठी काढलंय. आडवा धागा मोरपिशी, उभा जांभळा, आणि तू वळलीस की तिसराच कुठलातरी रंग. तो तिसरा मला हवाय, आणि तो काही केल्या सापडत नव्हता.

ताईच्या लग्नाआधी त्या साडीवर मॅचिंग ब्लाउजपीस शोधायला आपण उल्हासनगर पालथं घातलं होतं, आठवतं? दुकानदार ट्यूबलाइटखाली कापड पसरून म्हणतो, "भाभी, एकदम मॅचिंग है, आँख बंद करके ले जाओ." तू म्हणतेस, "डोळे मिटून न्यायला मी आंधळी आहे का? चल गं, उजेडात बघू." मग भर रस्त्यात मी पदर धरून उभी, तू पीस लावून बघतेयस, रिक्षावाले हॉर्न मारतायत. पदर जरा कलला की जुळलेलं बिघडतं. शेवटी दुकानदारच बाहेर येऊन हात जोडतो, "साडी ही दो-दो बात करती है भाभी, ब्लाउज बेचारा क्या करेगा?" माझे पाय दुखत होते. मी वैतागून म्हटलं, "घे ना कुठलाही, कोण बघतंय?" तू माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "मी बघतेय ना." आणि पुढच्या दुकानात शिरलीस.

ती साडी तुझ्याबरोबरच गेली. ताईनेच नेसवली तुला. आता ताई म्हणते साडी निळी होती, मी म्हणते जांभळी, आणि लग्नातल्या फोटोंवर तर लालसर झाक चढलीय. आम्हा दोघींखेरीज तो रंग नीट पाहिलेलं कुणी उरलं नाही आणि आमचंच एकमत नाही. रंग कालवून कालवून थकले. डबीत बरोबर वाटायचा, कॅनव्हासवर मेला तो मेलाच. मग कालवणं सोडलं आणि तुझ्या साडीचे दोन धागेच तेवढे शेजारी शेजारी ओढत गेले.

काल दुपारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि दारातून सहज वळून पाहिलं. तो होता, आई! मी कुठेच न लावलेला, पण सगळ्या चित्रभर. तू वळायचीस तेव्हाचा, तोच. मी धावत जवळ गेले तर नुसत्या रेघा. पुन्हा दारात आले तर पुन्हा होता. काल संध्याकाळपर्यंत मी तेवढंच करत राहिले, जा आणि ये. ताईला अजून फोन केलेला नाही. ती येऊन निळा म्हणाली तर काय करू?

आज प्रदर्शनासाठी चित्र न्यायला टेम्पो येणार होता. ड्रायव्हरचा फोन आला, "मॅडम, निघू का?" हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून तुलाच खरं सांगते. मी त्याला म्हटलं, रंग अजून ओला आहे, आज नको. रंग कालच वाळलाय.