कार्डाची मागची बाजू

प्रिय ताई,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, ते बरोबरच आहे. उचलला असता तरी मी "जेवलात का?" एवढंच विचारून ठेवून दिला असता. म्हणून हे पत्र. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून लिहितेय. खाली बसले की कागद फाडावासा वाटतो.

घरी सगळे बरे आहेत. सासूबाईंचा गुडघा कुरकुरतोय, सासऱ्यांनी पुन्हा सगळ्या कुंड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत. तुमच्या औषधाच्या दुकानाचे मालक परवा रस्त्यात भेटले. म्हणाले, "तुमच्या ताई भावाकडे गेल्यापासून मला माझ्याच दुकानात काही सापडत नाही. त्यांनी खण कुठल्या हिशोबाने लावलेत, देव जाणे." मी हसले, आणि लगेच हसल्याची लाज वाटली. हल्ली कशाचीही वाटते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हाची मी आठवते का? आमच्याकडे आई आणि मी, दोनच माणसं. इथे दर रविवारी दहा चपला दाराशी. पहिल्याच आठवड्यात तुमच्या-माझ्या आत्येसासूबाईंना मी शेजारीण समजून "सासूबाई बाहेर गेल्यात, नंतर या" असं सांगून दारातून परत पाठवलं होतं. तुम्ही जिन्यावरून धावत जाऊन त्यांना परत आणलंत आणि "अहो, ती थट्टा करत होती," असं बेधडक ठोकून दिलंत. मी जाऊबाई म्हणून हाक मारली तर म्हणालात, "ताई म्हण गं. जाऊबाई ऐकलं की भांडायलाच हवं असं वाटतं."

त्याच दुपारी तुम्ही टॅब काढून तुमची कार्डं दाखवलीत. परीक्षेसाठी केलेली. पुढे औषधाचं नाव, त्यावर बोट टेकवलं की कार्ड उलटतं आणि मागे उत्तर. आलं तर हिरवं बटण, नाही आलं तर लाल. लाल केलेलं लवकर परत येतं, हिरवं केलेलं उशिरा. ही परीक्षा पास झालात की काउंटरवर नुसती मदतनीस न राहता स्वतःच्या सहीने औषध देता येईल, हे सांगताना तुम्ही पदराने टॅबची काच पुसत होतात. "पहिल्यांदाच बसतेय, म्हणून धाकधूक," म्हणालात. मी मान हलवली.

ताई, ही पहिली वेळ नाही, हे मला तेव्हा माहीत होतं. यांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. तरी मी मान हलवली. पुढेही प्रत्येक वेळी हलवत राहिले.

मग तुम्हीच तुमच्या खात्यात मला एक कोपरा करून दिलात. पुढे नातेवाइकाचा फोटो, मागे नातं आणि लक्षात ठेवायची एखादी गोष्ट. "मागे एका श्वासात वाचता येईल एवढंच लिही," ही तुमची शिकवण. मी ती काटेकोर पाळली. मामेसासरे: सारखं घड्याळ बघतात, आधी वाढावं. आत्येसासूबाई: ऐकू कमी येतं, मान्य नाही. सासरे: तोच किस्सा सांगतील, पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसावं. महिन्याभरात मला सगळं घर पाठ झालं, आणि तुम्ही म्हणालात, "पहिली आलीस."

सासऱ्यांच्या वाढदिवसाला नणंदेच्या मुलीने, भिंगरीने, फोटो दाखवायला टॅब टीव्हीला जोडला तेव्हा मी भात वाढत होते. पडद्यावर मामेसासरे दिसले, भिंगरीने कार्ड उलटून शाळेत धडा वाचावा तसं खणखणीत वाचलं, आणि घरभर हशा पिकला. मामेसासरे घड्याळ बघता बघता पकडले गेले. सासरे तर टाळ्या पिटत ओरडले, "सापडलो की रे!" मी हातातलं भांडं टाकून धावायला हवं होतं. पण सगळे हसत होते आणि मला, खरं सांगते, थोडं कौतुकच वाटत होतं. मग दुकानातल्या पांढऱ्या कोटातला तुमचा फोटो आला.

"मोठ्या जाऊबाई. तीनदा नापास. विषय काढू नये."

तुम्ही उठलात, रिकामे पेले गोळा केलेत आणि म्हणालात, "पुढचं लाव गं, भिंगरे." माझ्याकडे एकदाच पाहिलंत. तुमच्या नापास होण्यापेक्षा माझं ते सगळं मान हलवणं तुम्हाला जास्त लागलं, हे मला त्या एका बघण्यात कळलं.

तुम्ही भावाकडे गेलात आणि टॅब इथेच ठेवलात. त्यावर तुमच्या राहिलेल्या कार्डांचा लाल आकडा रोज फुगत होता. तो मला बघवेना, म्हणून मीच ती कार्डं उलटायला बसले. मला एकही येईना, प्रामाणिकपणे लाल बटण दाबत गेले. नंतर कळलं, तुमच्या खात्यात लाल दाबून मी तुम्हाला सगळं विसरायला लावलंय. ॲप आता तुम्हाला पहिल्या धड्यापासून विचारणार. आधीच केलेलं काय थोडं होतं!

पण त्यामुळे तुमच्या कार्डांची मागची बाजू वाचली. तुमचा नियम तुम्हीच पाळलेला नाही. एका औषधामागे "दुधासोबत नको," आणि खाली, "कोपऱ्यावरचे मास्तर तरीही दुधासोबतच घेतात, दर वेळी सांगावं." दुसऱ्यामागे, "याने झोप येते. रिक्षावाल्याला रात्रीच घ्यायला सांगणे, बायको काळजीत असते." तुम्ही औषधांच्या मागे माणसं लिहिलीत आणि मी माणसांच्या मागे चिठ्ठ्या डकवल्या. मी माझी सगळी कार्डं पुसून टाकली. पण पुसून काही झालं नाही, ते सोमवारी कळलं.

सोमवारी टपालाने तुमचं परीक्षेचं प्रवेशपत्र आलं. भाऊजींनी, तुमच्याच नवऱ्याने, ते पाहिलं आणि रेडिओखाली सरकवलं. "राहू दे. तिच्याजवळ विषय नको," म्हणाले. सासूबाईंनीही मान हलवली. अगदी माझ्यासारखी. भाऊजी, सासूबाई, सासरे, तिघेही जेवताना रेडिओकडे बघत नव्हते. माझं ते एकच कार्ड साऱ्या घराला पाठ झालंय, ताई.

म्हणून मी ते रेडिओखालून काढलं, भाऊजींना सांगून. ते याच पाकिटात आहे. तारीख आणि केंद्र नीट बघून घ्या. टॅब आणि तुमचा चष्मा उद्या हे स्वतः घेऊन येतील. माफी मागत नाही, ती तुम्ही लगेच देऊन टाकाल आणि पुन्हा काही बोलायचं राहून जाईल. परीक्षेला बसायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण बसलात, आणि चौथ्यांदा नापास झालात, तर या वेळी मान हलवणार नाही. रविवारी, सगळ्या चपला दाराशी असताना, मोठ्याने विचारणार आहे, "ताई, कुठला पेपर गेला?"

आज मी विषय काढलाय.

तुमचीच,
धाकटी