गोरक्षचा नवस आणि आक्काचं वजन

मु. पो. खडकेवाडी, ता. नेवासे,
जि. अहिल्यानगर (हात अजून ‘अहमदनगर’च लिहायला जातो, खोडाखोड माफ कर)
झावळ्यांच्या रविवारचा दुसरा दिवस

चि. योएल यास,

आक्काचा प्रभूच्या नावाने सलाम आणि पोटभर आशीर्वाद. रूथला सलाम, मुलांना पापे. तुझा गुडघा कसा आहे? बी.पी. तपासून घेतोस की नुसती गोळी गिळून मोकळा होतोस? इकडे मी ठीक आहे. (ठीक म्हणजे आपल्या घरात ज्या अर्थाने म्हणतात त्या अर्थाने. आई अगदी शेवटच्या आठवड्यातसुद्धा ठीकच होती.) मुंबईला येऊन आणखी केमो घेणार नाही असं मी म्हटलं, त्यावर ‘आक्का, तू हार मानलीस’ म्हणून तू नाताळच्या आधी फोन आपटलास, तो आजतागायत उचललेला नाहीस. फोनवर भांडायला दम लागतो आणि तो माझ्याकडे आता बेताचाच आहे, म्हणून पत्र लिहिते. पत्र मधेच आपटता येत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. इकडे यायची तसदी घेऊ नकोस हे आधीच सांगून ठेवते. लांबचा प्रवास, तुझा गुडघा, मुलांच्या परीक्षा, सगळं मला कळतं. फक्त शेवटपर्यंत वाच.

पोटातलं दुखणं यकृतापर्यंत पोचलंय, औषधांनी थोडे महिने वाढतील पण ते बहुतेक कॉटवरच जातील, हे पुण्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. भला माणूस. सांगताना त्यांचाच आवाज बसला, मग मीच त्यांना पाणी दिलं. मी दहावीच्या वर्गाला वर्तुळाचा धडा अर्धा टाकून आले होते. तो पुरा करायचा की कॉटवर पडायचं, याला मला फार विचार करावा लागला नाही. तू त्याला हार म्हणतोस. ज्याने मला आजवर सांभाळलं तो पुढेही सांभाळील आणि मेल्यावरही मी त्याचीच असेन, हे मी रविवारच्या शाळेपासून घोकत आले. आता ते खरोखर मानायची वेळ आली आहे, एवढंच. डॉक्टरांनी दिलेली मुदत नाताळातच संपली. सध्या मी मुदत संपलेली बाई आहे आणि तरी वापरात आहे.

आता मुख्य हकीकत. आमचा गोरक्ष तुला आठवत असेल. (नसेल आठवत, तू त्याला पाहिलेलंच नाहीस. हल्ली मी सगळ्यांना सगळं ठाऊक आहे असंच धरून चालते.) तो पाथर्डीकडचा. त्याची आई लंकाबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडे यायची, उसाच्या पाचटाच्या कोपीत राहायची आणि टोळी गावाकडे परतली की पोराची शाळा अर्धवट सुटायची. शेवटी दहावीच्या वर्षी मी त्याला माझ्याकडेच ठेवून घेतलं. भूमितीत तो पास झाला, त्याअर्थी तपासणाऱ्याला त्या दिवशी प्रभूने विशेष दया दिली असावी. आज त्याचं रस्त्याकडेला स्वतःचं गुऱ्हाळ आहे, कढईपाशी उभा राहून तो माणसांवर ओरडतो तेव्हा मला माझाच आवाज ऐकू येतो. तर माझ्या दुखण्याची बातमी कळल्याबरोबर हा पठ्ठ्या मला भेटायला न येता थेट मढीला गेला आणि कानिफनाथांना नवस बोलून आला: दहावीच्या पोरांची परीक्षा होईपर्यंत बाईंना शाळेत उभं ठेव, मी बाईंच्या वजनाइतका गूळ तोलून त्यांची तुला करीन. मला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्याच्या जिवावर नवस बोलताना त्याची परवानगी घ्यायची पद्धत आपल्याकडे नाहीच.

आणि योएल, परीक्षा झाली! शेवटी शेवटी मी खुर्चीत बसून शिकवलं, फळ्यावरच्या आकृत्या मुलींनी काढल्या (वर्तुळं काढली बटाट्यासारखी), पण शाळा सोडली नाही. शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी गोरक्ष दारात हजर. नाथानं ऐकलं, आता तुमी न्हाई म्हनू नगा, असं म्हणून उंबऱ्यावरच बसला. मी त्याला समजावलं की बाबा, मीही रोज सकाळी गुडघे टेकून माझ्या प्रभूकडे नेमकं हेच मागत होते, मग ऐकलं कुणी ते कसं ठरवायचं? त्यावर त्याने मान खाजवली आणि म्हणाला, “दोघांनी मिळून केलं आसंल, बाई. आपल्याला काय करायचंय त्यात?” मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि हो म्हटलं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब मात्र गंभीर झाले. ख्रिस्ती बाईने नाथाच्या नवसाला तराजूत बसावं का? त्यांनी दोन दिवस शास्त्र चाळलं, पण त्यांना तराजूबद्दल जे काही सापडलं ते सगळं खोटं माप देणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल. शेवटी त्यांनी निर्णय दिला: तुला चर्चच्या अंगणात व्हावी, उपासनेनंतर व्हावी, आधी उपकारस्तुतीची प्रार्थना व्हावी आणि गूळ गावाकडे निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्यांना वाटावा. गोरक्षला वाटलं, यात नाथाचा वाटा राहिला कुठे? पण लंकाबाईने निकाल लावला. टोळ्यांतली लेकरं नाथाचीच हायेत, त्येनला पोचला म्हंजी नाथाला पोचला, असं ती म्हणाली आणि विषय संपला. मी पारड्यात बसणार ती माझ्या प्रभूचे आभार म्हणून, आणि गोरक्ष मला बसवणार तो नाथाला दिलेला शब्द पाळायला म्हणून. भांडण कुणाचं कुणाशी उरलंच नाही.

घोटाळा झाला तो वजनाचा. गोरक्षने गूळ आधीच करून ठेवला होता आणि माझं वजन धरलं होतं आठवणीने. त्याच्या डोक्यातली बाई म्हणजे तो बाकावर बसायचा तेव्हाची बाई. (तेव्हा मी कशी होते ते तुला ठाऊक आहे. एस.टी.त माझ्याशेजारची जागा रिकामी असूनही लोक उभ्याने प्रवास करायचे.) हल्ली मी उकाड्यातही स्वेटर घालते आणि साडीखाली एकावर एक परकर नेसते, त्यामुळे खरा हिशोब कुणाला कळलेलाच नव्हता. काल उपासना संपली, हातातल्या झावळ्या बाजूला ठेवून सगळे अंगणातल्या चिंचेखाली जमले. आडत्याकडून आणलेला मोठा तराजू फांदीला टांगलेला. एका पारड्यात फडकी गुंडाळलेल्या ढेपा, दुसऱ्यात मी. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, माणसांनी धरलेले दोर सोडले आणि मी सरळ वर गेले. गुळाचं पारडं जमिनीवर बसलेलं आणि मी फांदीपाशी, चिंचा तोडायला चढवल्यासारखी.

आधी पोरं हसली. मीही हसले. मग ते हसू एकदम थांबलं. खालून सगळी तोंडं वर माझ्याकडे बघत होती आणि किती उरलेय मी, हे प्रत्येकाला एकाच वेळी कळलं. पुण्याच्या त्या डॉक्टरांपुढे मला इतकं लागलं नव्हतं. माझं दुखणं मी स्वेटरखाली व्यवस्थित झाकून ठेवलं होतं आणि ते असं भर अंगणात टांगलं गेलं. गोरक्ष तर तिथेच मटकन बसला आणि लहानपणी रडायचा तसा मनगटाने नाक पुसत रडायला लागला.

कुणीतरी म्हणालं, ढेपा कमी करा. त्याबरोबर गोरक्ष उठला. नवसाचा गूळ एकदा पारड्यात चढला की माघारी न्यायचा नाही, मग भले काही होवो. तेव्हा वजन माझ्या बाजूला घालायचं ठरलं. मला खाली ओढून आधी गायनाच्या पुस्तकांचे गठ्ठे माझ्या मांडीवर दिले. काही होईना. मग पेटी आणली. (पेटीवाल्याने हरकत घेतली, ती फेटाळण्यात आली.) तरी गूळ जागचा हलेना. कुणीतरी टेम्पोची स्टेपनी घेऊन निघालं होतं, तेवढ्यात लंकाबाईने पदर खोचला, “सरका बाई” म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. आमचं पारडं दाणकन खाली आपटलं, गूळ उडाला वर, आणि वरची ढेप घरंगळून पाळकसाहेबांच्या पायावर पडली. (ते त्या क्षणी जे बोलले ते कुठल्याही स्तोत्रात नाही.) मग ढेप जागेवर ठेवली, पेटी उतरवली, पुस्तकं उतरवली, आणि पारडी सारखी झाली.

आम्ही दोघी म्हाताऱ्या अधांतरी डुलत होतो. लंकाबाईने माझा हात धरला होता. तिचा तळहात कोयता धरून धरून नांगरटीसारखा झालाय. ती हळूच म्हणाली, “माझं पोरगं तुमी सालभर घरात ठिवलं व्हतं. मी वाईच बसते की तुमच्यासंगं.” मी डोळे मिटले आणि प्रभूचे आभार मानले, तोंडाने, मोठ्याने. लोकांना वाटलं परीक्षेपर्यंत जगवल्याबद्दल. मी मानले ते लंकाबाईबद्दल.

संध्याकाळी टेम्पोने गूळ गेला. पाळकसाहेब लंगडताहेत, पण पुढच्या रविवारच्या उपदेशात माझं उदाहरण देणार आहेत. हल्ली ते दर रविवारी देतात. गावातली माणसं आपल्या सुनांना घेऊन मला दाखवायला येतात, बघा, मरण समोर असून बाई कशा हसतात. मीही हसते. आशा आहे म्हणून हसते, ते खोटं नाही. कबरेपलीकडे उजेड आहे हे मला या खिडकीतल्या उजेडाइतकं खरं वाटतं. तेव्हा तू माझी काळजी करू नकोस, रागावलास ते मी मनात ठेवलेलं नाही, आणि वर लिहिल्याप्रमाणे येण्याची मुळीच गरज नाही.

प्रभू तुला आणि तुझ्या घराला शांती देवो.

तुझी,
एस्तेर आक्का

ता. क. गुळाचा खडा पाठवणार होते, पण तुझी शुगर आठवली. रूथला एकटीला पाठवला तर तू तिच्या डब्यात हात घालशील, म्हणून कुणालाच पाठवत नाही.

पुन्हा ता. क. येत्या रविवारी ईस्टर. पहाटेची उपासना कबरस्तानात आहे. माझी जागा आईच्या शेजारी ठरली आहे, ती उभ्याने बघून घेता येईल. नेवासे फाट्यावर उतरलास तर गोरक्ष टेम्पो घेऊन येईल. मी त्याला सांगून ठेवलं आहे.

आणखी एक ता. क. योएल, वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण पुरं नाही. मला भीती वाटते. प्रभूवरचा विश्वास तसूभर हललेला नाही आणि तरी वाटते. प्रभू स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडला, आणि त्याला तर पुढच्या घटकेला तो मित्र कबरेतून जिवंत उठून येणार हे ठाऊक होतं. मला इथे रडता येत नाही रे. मी रडले तर पाळकसाहेबांचा उपदेश बुडतो, गोरक्षचा नाथ खोटा पडतो, वर्गातल्या मुली घाबरतात. मी सगळ्यांची बाई आहे. आक्का फक्त तुझी आहे. माझ्या मातीला येऊ नकोस हवं तर, पण आता ये. केमोवरून भांडायचं असेल तर भांडायला ये. दार लावून घेऊ, दोघं पोटभर रडू, मग चहा पिऊ. चहा तुलाच टाकावा लागेल. मला आता उतू जाणाऱ्या दुधाचा वास सोसत नाही.