चौकातला डोल्माचा फोटो

४ जाने., रविवार
मोटर पुन्हा जळाली. पाचही खोल्यांच्या भाडेकरूंनी सकाळपासून डोकं उठवलंय. एकटी डोल्मा मुकाट बादली घेऊन हापशावर गेली. चार वर्षं झाली तिला आमच्याकडे. तिबेटी, हिंजवडीत कंपनीत. सात वर्षांची असताना आईनं दुसऱ्यांच्या हवाली करून बर्फातून इकडे पाठवली; आई तिकडेच राहिली. एक रविवार आड तिचा फोन येतो. आज आला. वीस मिनिटं बोलली. काय म्हणे आई? तर थंडी, जवाचं पीक, मामाचा गुडघा.
म्हटलं, "एवढ्या लांबून फोन, आणि गप्पा हवामान खात्याच्या?"
"काकू, तो फोन आम्ही दोघीच ऐकत नसतो."
माझं तोंड म्हणजे... असो.

१ फेब्रु., रवि.
फोन आला. मामाचा गुडघा बरा.
नंतर चहाला बसली तेव्हा सरळ विचारलं, तुम्हाला नक्की पाहिजे तरी काय? वेगळा देश?
म्हणाली, "आमच्यातही दोन मतं आहेत काकू. माझं एवढंच, तिथल्या लोकांना विचारा. शाळेत भाषा कुठली, देव्हाऱ्यात फोटो कुणाचा, राज्य कुणाचं. आम्हाला कधी कुणी विचारलंच नाही."
सासूबाईंच्या आज्याचं गाव मुळशी धरणात गेलं, तेही कुणी विचारलं नव्हतं. तिला सांगितलं. नंतर वाटलं, बरोबरी कसली करते मी? आम्हाला निदान काठावर जाऊन पाणी तरी बघता येतं. ती आईच्या दारातही जाऊ शकत नाही.

१६ फेब्रु., सोम.
विलासभाऊजी आले. माझ्या या दिराला यंदा पंचायतीला उभं राहायचंय, त्यामुळे वर्षभर सगळ्यांचे वाढदिवस पाठ. "वैनी, बुधवारी डोल्माचं तिबेटी नवीन वरीस हाय न्हवं? एखादा झकास फोटू द्या तिचा."
दिला. गेल्या वर्षीच्या पुण्यातल्या मोर्चातला. हातात झेंडा, ओरडतेय. तिनंच कौतुकानं मला पाठवलेला. बाकीच्यांत डोळे मिटलेले होते.

१८ फेब्रु., बुध.
चौकात फ्लेक्स. दहा फुटी. 'चांदे गावची लेक डोल्माताई यांना नववर्षाच्या शुभेच्छा. तिबेट स्वतंत्र झालाच पाहिजे. समस्त ग्रामस्थ.' तिच्या फोटोपेक्षा भाऊजींचा मोठा, गॉगल घालून.
मला तर आनंदच झाला होता. खोटं कशाला लिहू.
ती सकाळी तळलेलं गोड वाटत फिरत होती, आपल्या शंकरपाळ्यासारखं. चौकातून आली ती पांढरीफटक. "काकू, हे कुणी केलं?" मग तिनं सांगितलं. तो फोटो फक्त जवळच्यांकडे होता. मोर्चात नेहमी तोंडाला मास्क असतो, त्या एका क्षणी काढला होता. तिकडे चिनी पोलिसांनी ओळखलं की आईला उचलतील.
विळा घेऊन गेले आणि स्वतः दोऱ्या कापल्या. भाऊजी धावत आले. "वैनी, आमी काय वंगाळ केलं? आपलीच पोर हाय ती!" वाईट नव्हतंच केलं. आमच्याकडे बैलाच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, माणसाचा लावायचा नाही हे कुणाला सुचणार? पण त्यांनी सकाळीच रील टाकलं होतं, नावासकट. काढायला लावलं. तोवर गावातली पोरं पुढे पाठवून मोकळी.
फोटो मी दिला, हे तिला सांगितलं. उरलेलं गोड डब्यात भरून ती खोलीत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ फेब्रु.
कामात लक्ष नाही. दोनदा दूध उतू गेलं. हे म्हणतात, "अगं, एवढ्या मोठ्या देशाला चांद्याचं रील बघायला वेळ आहे का?" देव करो आणि नसो.

१ मार्च, रवि.
फोनचा दिवस. दुपारपासून मी ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते, निवडलेलेच. तिच्या खोलीचं दार उघडं. फोन समोर ठेवून बसलेली.
आला नाही.

६ मार्च, शुक्र.
बातमी आली. धरमशाळेतल्या तिच्या मैत्रिणीला कुठून कुठून फिरत निरोप मिळाला. आईला बोलावून फोटो दाखवला, ही तुझीच का म्हणून विचारलं. आई म्हणाली, मला मुलगी नाही. तसा कागद करून अंगठा घेतला. संध्याकाळी घरी सोडलं, फोन ठेवून घेतला.
"शहाणी आहे माझी आई," डोल्मा म्हणाली. आणि मग जी रडली ती... मी पाठीवर हात ठेवायला गेले आणि ठेवता येईना. कुठल्या तोंडानं? शेवटी तिनंच माझा हात धरला. मला फार लाज वाटतेय. पाया पडून माफी मागावी अशी ती माऊली, आणि तिच्यापर्यंत माझा एक शब्दही पोचायचा नाही.

९ मार्च, सोम.
उद्या त्यांचा मोर्चा. दरवर्षी दहा मार्चलाच असतो, १९५९च्या उठावाची आठवण म्हणून. ती जाणार का, कळत नाही. पुन्हा दिसली तर आईला परत बोलावतील, कागद असो नसो. नाही गेली तर त्या चिन्यांनी इथं न येताच हिचं तोंड बंद केलं. सल्ला द्यायला माझी जीभ कधी अडखळली नव्हती.

१० मार्च, मंगळ.
सकाळी नऊला दारात. तो त्यांचा लांब झगा, पट्टेवाला एप्रन, हातात मास्क.
"काकू, जाऊ?"
जा म्हणवेना. नको म्हणायचा हक्क मीच घालवला. "चहा तरी घे," म्हटलं.
बसली. साडेनऊची बस गेली. पुढची साडेदहाला आहे.